दोन अक्षरांची जागा

कापगते सरांना कॉम्प्युटरमध्ये चूक सापडली की ते "खेकडा!" म्हणून ओरडायचे. चूक, एरर, बग यांतला एकही शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. धानाच्या बांधीचा, म्हणजे भाताच्या खाचराचा, धुरा (कडेचा बांध) वरून धडधाकट दिसतो, आतून खेकडा बीळ पाडतो, आणि सकाळी जाऊन बघावं तर आपलं पाणी शेजाऱ्याच्या बांधीत. "प्रोग्राम बी तसाच राह्यते जी," ते म्हणायचे, "फुटते कोठी आन् बीळ राह्यते कोठी." खेकडा सापडला की चष्मा कपाळावर चढवायचा, उठायचं, माठातलं पेलाभर पाणी प्यायचं आणि मगच दुरुस्तीला बसायचं. तो सापडेपर्यंत घोटभरही पाणी नाही. गोंदियाचा मे महिना असला तरी नाही. मी समोर कूलरच्या पुढ्यात बसून थंड बाटल्या रिचवायचो आणि या माणसाला कधीतरी भोवळ येणार म्हणून घाबरायचो.

माझं गोंदियाच्या बाजारात फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, तेरवी, दहावीचा निकाल, सगळ्यांचे बोर्ड आमच्याकडे होतात. चाळिशीत कुणाला गुडघे धरतात, कुणाला अध्यात्म सुचतं; मला टीव्ही गेमनं धरलं. लहानपणी आमच्याकडे तो डबा होता. टीव्हीला जोडायचा, वर पिवळी कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची. त्या डब्यांचा जमाना संपला असं मी समजत होतो. मग इंटरनेटवर कळलं की जगात काही शौकीन अजूनही त्यांच्यासाठी नवे गेम बनवतात, कॅसेटमध्ये भरतात, आणि दुसरे शौकीन ते हौसेनं घेतात. झालं. गोंदियाचाही एक गेम हवा, असं माझ्या डोक्यात बसलं. चित्रं मी काढली असती. प्रोग्रामच्या नावानं मात्र माझ्याकडे शंख होता.

नागपूर-पुण्याच्या पोरांना विचारलं तर ती हसली. एवढ्या जुन्या मशीनची भाषा आता कोण शिकतो, म्हणाली. अशात एके दिवशी पन्नाशी उलटलेला एक सडपातळ माणूस दुकानात आला. कुडव्याला त्याचा कॉम्प्युटर क्लास होता आणि क्लासचा बोर्ड करून हवा होता. मजकूर लिहिलेला कागद त्यानं काउंटरवर ठेवला आणि मी बघतच राहिलो. आलेखवहीचं पान होतं. प्रत्येक अक्षर आठ बाय आठ चौकोनांत, पेन्सिलीनं एकेक चौकोन भरून काढलेलं. हुबेहूब माझ्या लहानपणीच्या टीव्ही गेमची अक्षरं.

"हे असं कायले काढलं सर?" मी विचारलं.

"अक्षर असंच राह्यते जी. बाकी सारा फुलोरा."

मी त्या डब्याचा विषय काढला. त्यांनी चप्पल काढून स्टूल ओढलं. खुर्चीवर ते कधी बसत नसत. खुर्चीत बसलं की माणूस मागं टेकते आणि मागं टेकला की झोपते, असं त्यांचं मत होतं. पॉलिटेक्निकला असताना आकडे दाबून चालवायच्या एका यंत्रावर ते ही भाषा शिकले होते. "तुमच्या डब्याचा मेंदू म्हणजे त्या मेंदूचा चुलतभाऊच," ते म्हणाले. "वळण समजलं का चालला."

हेमराज कापगते असे मला सापडले. पैशाचं आमचं दहा मिनिटांत ठरलं आणि ते मी वेळच्या वेळी दिले. त्या बाबतीत माझ्याकडे कुणाला बोट दाखवता येणार नाही. कधीकधी वाटतं, ते बुडवले असते तर बरं झालं असतं; निदान माझी लाज चारचौघांत सांगण्यासारखी तरी असती.

गेमसाठी माझी कल्पना वाघाची होती. जंगल, जिप्सी, वाघ. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाघ सारेच करून राह्यले. पाणी करा." मला काही बोध होईना, तेव्हा त्यांनी सांगितलं. सर अर्जुनीकडच्या गावचे. त्यांच्या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या गावतलाव बांधले, आणि त्यांचे वडील डोमाजी गावाचे पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी साऱ्या बांध्यांना वाटून देणारा माणूस. तलावातून पाणी सोडायची जागा म्हणजे तुडूम. त्यात एकाखाली एक भोकं, भोकांना लाकडी बुचं. पाणी उतरत जाईल तसं पाणकरानं बुडी मारून खालचं बुच काढायचं. पाणी मोजकं, बांध्या पुष्कळ. "हाच तं गेम हाये," सर म्हणाले. माझा वाघ तिथंच मेला.

त्या डब्यात जागा किती, तर अख्खा गेम बत्तीस किलोबाइटचा. सकाळी मोबाइलवर फुलांचे जे शुभेच्छा फोटो येतात, त्यातल्या एकात असे चार-पाच गेम मावतील. चित्रांचे तुकडे ठेवायला दोनशे छप्पन घरं, बास. त्यावर सर कधी कुरकुरले नाहीत. "तलावात जेवढं हाये तेवढंच हाये. वाटून घेऊ," म्हणायचे. मी हौसेनं एक बगळा काढला होता, पाण्यात एका पायावर उभा. चार घरं खात होता. सरांनी वहीत त्याच्यावर काट मारली. "बगळा उडवा." मी दोन दिवस रुसून बसलो. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

एकदा गेममध्ये पाणी उलटं वाहायला लागलं. खालच्या बांधीतून वर, वरच्या बांधीतून तलावात. मला हसू आवरेना, सर मात्र गंभीर. क्लासच्या अंगणात त्यांनी खडूनं बांध्या आखल्या आणि स्वतः पाणी झाले. तोंडानं आकडे मोजत एका चौकोनातून दुसऱ्यात, कोपऱ्यावर थांबायचं, वळायचं. क्लासच्या मुली खिडकीतून बघून तोंडाला ओढणी लावत होत्या. कुडव्याच्या रस्त्यानं जाणारा एक दूधवाला गाडी थांबवून म्हणाला, "सर, तबियत ठीक है ना?" सरांनी हात वर करून त्याला गप्प केलं, एक पाऊल मागं घेतलं आणि ओरडले, "खेकडा!" मग माठाकडे गेले.

आमचं खरं वाजलं ते पाणी देण्याच्या पाळीवरून. गेममध्ये पाणी नेहमी शेवटच्या बांधीला पहिलं द्यावं लागे. तुडमाजवळच्या बांधीला आधी दिलं की गेम हरलात. दुकानातल्या पोरांनी खेळून पाहिला आणि वैतागली. मी सरांना म्हटलं, उलटं करा, जवळच्याला पहिलं, सोपं पडेल.

"नाही होत," सर म्हणाले.

"काऊन नाही होत? दोन ओळींचं तं काम आहे."

"काम दोन ओळींचंच हाये. पण वरच्याले पयले देल्लं तं तो पोट भरून झोपते. मंग खालचा काय चिखल चाटून राह्यते? खालच्याले पयले देल्लं का वरचा जागा राह्यते. पाट साफ ठेवते, धुरा पाह्यते. कायले का त्याची पाळी मागून हाये." आणि वही मिटून म्हणाले, "माह्या बानं चाळीस वर्षं असंच देल्लं. मी दोन ओळींत उलटं करू?"

मी तरीही हेका धरला. सर चार दिवस आलेच नाहीत. पाचव्या दिवशी आले आणि म्हणाले, चला गावाले.

डोमाजी ओसरीत बाजेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, हाडं मोठी, अंगावर मांस नाही. डोळ्यांत काचबिंदू, डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे ती नजरही हळूहळू जाणार. माणसं त्यांना सावल्यांसारखी दिसत, पण ठळक काळ्यावर पांढरं असलं तर अजून कळे. बोलता बोलता ते उजव्या हाताचं बोट मांडीवर फिरवत होते. आधी मला तो म्हातारपणाचा कंप वाटला. मग लक्षात आलं, ते अक्षर काढत होते. तेच तेच.

"नाव लिहून राह्यले," सर म्हणाले.

हकिगत अशी, की गावात पाणीवाटपाची संस्था झाली तेव्हा वहीत अंगठा उठवायची वेळ आली. डोमाजींचा अंगठा उमटेचना. जन्मभर पाण्यात हात, रेषाच झिजून गेलेल्या. शाईचा नुसता डाग पडे. लोक हसले, तेव्हा चौथीतल्या हेमराजनं तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, ओल्या मातीत काडीनं बापाला नाव शिकवलं. डोमा. त्यापलीकडे डोमाजी काही शिकले नाहीत. जगातला तेवढा एकच शब्द त्यांना वाचता येत होता. बाजारात बोर्ड दिसला की त्यात आपलं नाव आहे का, एवढंच ते बघत.

परतताना अर्जुनीच्या फलाटावर सरांनी मला त्यांची अट सांगितली. दोन वर्षांत त्यांनी मागितलेली ती एकच गोष्ट. पहिल्या पडद्यावर पाणकर फावडं घेऊन उभा राहील आणि त्याच्या डोक्यावर नाव येईल, डोमा. काळ्यावर पांढरं. "बाले एकच शब्द वाचता येते राजूभाऊ. तो टीव्हीवर दिसला पायजे. डोळे हायेत तवर."

"सर, हे काय सांगायला पाहिजे का!" मी म्हणालो. त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो. पाळीचा हट्टही मी तिथंच सोडला.

शेवटी शेवटी घरं संपत आली तेव्हा सरांनी पळसाचं झाड काढलं, ढग काढले, स्वतः हौसेनं केलेला एक बैल काढला. पण 'डो' आणि 'मा' ही दोन अक्षरं हलवली नाहीत. मी म्हटलं, चला, बापाला आत्ताच दाखवून येऊ, कॉम्प्युटरवर. ते म्हणाले, अर्धी पाळ कोणाले दाखवत नाहीत. कॅसेट होऊ द्या, डब्यात खोचून टीव्हीवर दाखवू.

आता माझं सांगतो.

गेमची थोडी चर्चा होऊ लागली. शौकीन मंडळींच्या एका चॅनेलवर मला व्हिडिओवर बोलायला बोलावलं. सरांना मी म्हटलं, तुम्ही शेजारी बसा. पण शेजारी म्हणजे कॅमेऱ्याबाहेर. दिवा नीट पडावा म्हणून तो हातात धरून. सरांच्या बोलीची मला लाज वाटत होती, हे आता कबूल करून टाकतो. 'हाये' आणि 'राह्यते' त्या लोकांपुढे नको होतं. मी गुळगुळीत हिंदी-इंग्रजीत बोललो. सुरुवातीला 'आम्ही' म्हणत होतो. शेवटच्या बांधीला पहिलं पाणी ही कल्पना कुठून सुचली, असं त्यांनी विचारलं. त्यांना तीच सगळ्यात आवडली होती. मी म्हणालो, "मी लहानपणापासून तलाव बघत आलोय." लहानपणी मी गोंदियात सिनेमाची पोस्टरं बघत होतो. सरांच्या हातातला दिवा जराही हलला नाही. संपल्यावर ते म्हणाले, "चांगलं बोलले जी. पाण्याचं बराबर सांगितलं." त्यांच्या म्हणण्यात टोमणा नव्हता, मी पुष्कळ शोधला.

कॅसेटा दक्षिणेतल्या एका कारखान्यात भरून येणार होत्या. फाइल पाठवायचं काम माझ्याकडे होतं. चित्रांतला एखादा चौकोन मला स्वतः सुधारता यावा म्हणून सरांनीच मला अक्षरांचा तक्ता उघडायला शिकवलं होतं. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी तक्ता उघडला. 'डो' आणि 'मा'. समोर पाणकर, हाच गेमचा नायक, उद्या जगभर लोक याचं नाव घेणार. घरी-दारी सगळे मला राजूच म्हणतात. मीही दोन अक्षरांचा. चौकोन पुसले, चौकोन भरले. दोन अक्षरं गेली, दोन आली. एक घरही जास्त लागलं नाही. पुढच्या खेपेला सरांच्या वडिलांचं टाकू, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते खोटं आहे हे म्हणतानाच मला माहीत होतं. फाइल गेली. मग मी चहा मागवला.

कॅसेटा यायला आठ महिने लागले. मधून मधून सर विचारायचे, "आली का जी? बाची नजर उतरून राह्यली." मी कारखान्याला शिव्या द्यायचो. खोकं आलं तेव्हा एक डबी मी त्यांच्या हातात ठेवली, पारदर्शक कागदात बंद. मला वाटलं होतं, ते तिथंच खोचून बघतील, जे व्हायचं ते होईल, चार शिव्या खाऊ. त्यांनी डबी रुमालात बांधली. "बापुढंच फोडतो. तुमी बी चला, गेम तुमचा हाये."

गोंदिया ते अर्जुनी गाडीत सर माझ्या समोर बसले होते, रुमाल मांडीवर. सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. सौंदड येईपर्यंत सांगू, असं मी ठरवलं. सौंदड आलं. मी भजी घेतली, सरांना दिली, स्वतः खाल्ली, आणि अर्जुनी येईपर्यंत पावसावर बोलत राहिलो.

पुढचंही सांगून टाकतो. दुसऱ्या खेपेच्या कॅसेटांत मी नाव बदललं. आज कुणी तो गेम लावला तर पाणकराच्या डोक्यावर डोमाच येतं. पण तोवर डोमाजींना दिवा लावला काय आणि विझवला काय, कळत नव्हतं. सरांनी कुडव्याचा क्लास बंद केला आणि ते गावी वडिलांजवळ राहायला गेले. दिवाळीला त्यांचा फोन येतो. मी गेलेलो नाही. अर्जुनीची गाडी रोज आहे, ती मला चांगली माहीत आहे.

आम्ही कॅसेट घेऊन पोचलो त्या दिवशी गाव धानाच्या रोवणीला गेलं होतं. घरात आम्ही तिघंच. सरांनी माळ्यावरचा जुना फुगीर काचेचा टीव्ही आधीच पुसून, डबा जोडून ठेवला होता. डोमाजींना धुतलेला सदरा घातला होता. बाज टीव्हीपाशी ओढली, म्हाताऱ्याचे गुडघे काचेला लागतील इतकी जवळ. मी मागं दाराशी, उंबऱ्यापाशी बसलो. मला उठून जायचं होतं आणि उठता येत नव्हतं.

सरांनी कागद फोडला, कॅसेट खोचली. फुंकर मारावी लागली नाही. आधी आवाज आला, तुडमातून पाणी निघताना होणारा गुडगुड आवाज, जो जमवायला सरांनी महिना घातला होता.

"दुसरं बुच काढलं," डोमाजी लगेच म्हणाले. "पयल्याचा आवाज बारीक राह्यते." त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांनी मान पुढं केली. "माह्यं नाव कोठी हाये रे हेमराज?"

सर खाली वाकले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. पडद्याचा उजेड त्यांच्या कानांवर पडला होता. मी जमिनीकडे बघत होतो. वर पाहिलं तेव्हा सरांचा चष्मा कपाळावर गेला होता. 'खेकडा' मात्र ते म्हणाले नाहीत.

"हे काय बा. इथं," ते म्हणाले. त्यांनी म्हाताऱ्याचा उजवा हात धरला आणि बोट काचेवर टेकवलं. बरोबर माझ्या नावावर.

"धुकटच दिसते रे."

"हाये बा. काळ्यावर पांढरं."

डोमाजींचं बोट हललं. काचेवर त्यांनी 'ड' काढला. आधी काना, मग वर मात्रा. मग 'म'. ओल्या मातीत शिकले होते तसं, सावकाश, दाबून. खाली पांढऱ्या चौकोनांत 'राजू' लखलखत होतं आणि त्यावरून ते बोट चाललं होतं. मध्येच थांबले.

"'म'ले काना देल्ला ना?"

"देल्ला बा."

"मंग बराबर हाये," डोमाजी म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून गिरवायला लागले.

सर उठले. माठाकडे गेले आणि पेला भरला. मी सगळ्यांच्या शेवटी, दाराशी बसलो होतो. तो पेला त्यांनी पहिला मला आणून दिला.

मी तो प्यालो.